काटा खाली गेला, पण गेलं काय?



या आठवड्याच्या टपालात दोन पत्रं अगदी एकाच विषयावरची निघाली. पहिलं साताऱ्याच्या, नववीतल्या एका मैत्रिणीचं. ‘नाव छापू नका’ असं तिनं खाली दोन रेघा मारून लिहिलंय, म्हणून छापत नाही. ती लिहिते, ‘पुढच्या महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे. माझी ताई तीन दिवस फक्त रस आणि लिंबूपाण्यावर राहिली. तिचं वजन दीड किलोनं उतरलं! ती म्हणते, याला डिटॉक्स म्हणतात. शरीरात साठलेली विषं बाहेर पडतात आणि माणूस सडपातळ होतो. आई म्हणते, वाढत्या वयात असले उद्योग नकोत. मी कुणाचं ऐकू?’

दुसरं पत्र पिंपरीच्या, आठवीतल्या एका मित्राचं. ‘वर्गात मला सगळे ढोल्या म्हणतात. मोबाइलवर एक बाई सांगत होती की जेवण बंद करून सकाळ-संध्याकाळ दुधीचा रस प्यायचा, सात दिवसांत पोट आत. खरंच होतं का हो असं?’

प्रश्न सरळ आहेत, तेव्हा उत्तरही सरळच देते. वजनकाट्यावरचा आकडा खाली जातो, हे खरं आहे. पण तो का जातो आणि किती दिवस खाली राहतो, हे ताईला कुणी सांगितलेलं दिसत नाही. चला, आज तेच पाहू.

विषं म्हणजे नेमकी कोणती?

‘डिटॉक्स’ हा शब्द मूळचा दवाखान्यातला. कुणाच्या पोटात खरोखरच विष गेलं, किंवा कुणाची दारू सोडवायची असली, की डॉक्टरांच्या देखरेखीखाली जे उपचार करतात त्यांच्यासाठी तो वापरतात. तिथं विष कोणतं ते ठाऊक असतं आणि त्यावरचा उपाय ठरलेला असतो. रसाच्या बाटलीवर मात्र नुसतंच ‘विषं’ असं लिहिलेलं असतं. कोणतं विष, किती, कुठं साठलेलं? पत्ता नाही!

इंग्लंडमधल्या काही तरुण शास्त्रज्ञांना हाच प्रश्न पडला. २००९ साली त्यांनी ‘डिटॉक्स’ असं लिहिलेल्या १५ वस्तू निवडल्या आणि त्या बनवणाऱ्यांना गाठून विचारलं, ‘तुमची वस्तू कोणतं विष काढते? पुरावा काय?’ समाधानकारक पुरावा कुणालाच देता आला नाही. आणखी गंमत म्हणजे डिटॉक्स म्हणजे काय, याचा अर्थही कुठल्या दोन कंपन्यांनी सारखा सांगितला नाही!

मग शरीरात नको असलेलं काही तयारच होत नाही का? होतं की! रोज होतं. पण ते काढायला घरचीच माणसं नेमलेली आहेत. पहिलं यकृत. मोठ्या माणसात त्याचं वजन दीड किलोच्या आसपास असतं. आतड्यांतून शोषलं गेलेलं बरंचसं अन्न रक्तातून आधी यकृताकडे जातं. प्रथिनं वापरली गेली की अमोनिया तयार होतो. तो घातक, म्हणून यकृत त्याचा युरिया करून टाकतं. तुम्ही तापात घेतलेल्या गोळीची विल्हेवाटसुद्धा तेच लावतं.

दुसरी आपली दोन मूत्रपिंडं. मोठ्या माणसाची मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. म्हणजे पंधरा लिटरच्या बारा बादल्या! त्यातलं कामाचं सगळं परत रक्तात घेतात आणि युरियासारखा कचरा जेमतेम दीड-दोन लिटर लघवीतून बाहेर टाकतात. तिसरी फुप्फुसं. तुम्ही हे वाचताय तेवढ्या वेळात ती कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतायत. या मंडळींना रविवारची सुट्टी नसते, आणि तीन दिवसांच्या रसानं त्यांचं काम काही वाढत-सुधारत नाही. त्यांना हवं असतं पुरेसं पाणी आणि रोजचं नीट जेवण.

आजीचं एरंडेल आणि लंडनचे सर्जन

ही कल्पना नवी आहे असं मात्र समजू नका. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल प्यायला लावायचे की नाही? ‘कोठा साफ तर सगळं साफ’ असा तेव्हाचा हिशेब.

विलायतेत तर हे प्रकरण फारच पुढं गेलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या बऱ्याच डॉक्टरांचं मत होतं की मोठ्या आतड्यात मळ साठला की त्याचं विष रक्तात भिनतं आणि नाना आजार होतात. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले सर आर्बथनॉट लेन हे एरवी मोठे नावाजलेले सर्जन. मोडकी हाडं जोडण्यात त्यांचा हातखंडा. पण या कल्पनेपायी त्यांनी कित्येक रुग्णांची मोठी आतडी कापून काढली! त्यातले काही दगावले.

१९१९ साली अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझ नावाच्या डॉक्टरांनी साधा विचार मांडला. पोट साफ झालं की जड झालेलं डोकं लगेच हलकं होतं, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. पण रक्तात जर खरंच विष भिनलं असतं, तर ते इतक्या पटकन कसं उतरलं असतं? दारू प्यायलेल्या माणसाची नशा बाटली हातातून काढून घेतल्याबरोबर उतरते का? म्हणजे तो त्रास विषाचा नव्हेच. आतडं तुंबल्यामुळे नसांवर जो ताण येतो, त्याचा तो त्रास. पाहिलंत? नुसत्या नीट विचारानं केवढं मोठं भूत उतरलं! पण भुतं हट्टी असतात. हे भूत नाव बदलून परत आलंय, एवढंच.

लिंबूपाण्याचे दहा दिवस

आता ताईच्या लिंबूपाण्याकडे वळू. अमेरिकेत स्टॅन्ली बरोज नावाच्या गृहस्थांनी १९७६ साली या विषयावर एक पुस्तक काढलं. दहा दिवस जेवायचं नाही. लिंबाचा रस, मेपल नावाच्या झाडाचा गोड पाक आणि लाल तिखट पाण्यात घालून तेवढंच प्यायचं. आज मोबाइलवर दिसणारे कितीतरी ‘सात दिवसांचे चमत्कार’ याच पाण्याची भावंडं आहेत.

हे बरोज डॉक्टर नव्हते. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका तरुणावर त्यांनी हेच लिंबूपाणी, रंगीत दिवे आणि पोटाचं मालिश असे उपचार केले. तो तरुण वाचला नाही. खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खुनाचा आरोप तिथं टिकला नाही, पण परवाना नसताना वैद्यकी केल्याचा गुन्हा १९८४ साली त्या न्यायालयानं कायम ठेवला.

बरं, माणूस कसाही असो, लिंबूपाण्यानं वजन उतरतं की नाही? दक्षिण कोरियात याची तपासणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वजन जास्त असलेल्या ८४ स्त्रिया होत्या. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाचं जेवण नेहमीसारखंच ठेवलं. दुसऱ्याला लिंबाचं डिटॉक्स पेय दिलं. तिसऱ्याला तेवढ्याच कॅलरींचं, पण त्या लिंबू-पाकाचा पत्ता नसलेलं साधं पेय दिलं. निकाल काय लागला? दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही गटांचं वजन पहिल्यापेक्षा उतरलं. म्हणजे वजन कमी केलं ते लिंबानं नव्हे, कमी खाण्यानं! आणि हा प्रयोगसुद्धा दीड आठवड्याचाच. पुढं ते वजन टिकलं का, याचं उत्तर त्यात नाही.

ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी त्याच सुमारास अशा आहारांवरचे प्रसिद्ध झालेले अभ्यास एकत्र करून तपासले. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे आणि मग तुलना करायची, ही औषधं तपासण्याची खरी रीत. या रीतीनं बाजारातल्या डिटॉक्स आहारांची माणसांवर केलेली एकही तपासणी त्यांना तोवर सापडली नव्हती.

आता गणिताची वही काढा

ताईचं वजन तर तीनच दिवसांत दीड किलोनं उतरलं. मग गेलं काय?

आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो. त्याचं नाव ग्लायकोजेन. मोठ्या माणसात तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. जेवण लांबलं की शरीर आधी या डब्यात हात घालतं. पण हा साठा कोरडा नसतो. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं.

आता समजा, ताईला दिवसाला २००० कॅलरी लागतात आणि रसातून १००० मिळाल्या. तीन दिवसांची तूट किती? ३०००. त्यासाठी समजा ३०० ग्रॅम ग्लायकोजेन वापरलं गेलं. एका ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे १२०० कॅलरी भागल्या. उरल्या १८००. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. मग १८०० कॅलरींसाठी चरबी किती लागेल? भागाकार करा. २३० ग्रॅमच्या आसपास. जेमतेम पाव किलो!

आणि ग्लायकोजेन ३०० ग्रॅम, त्याबरोबरचं पाणी ९०० ग्रॅम, मिळून १२०० ग्रॅम. शिवाय घन अन्न नसल्यामुळे आतडी रिकामी, त्याचं थोडं वजन. झाला की नाही दीड किलो? त्यातली चरबी फार तर पाव किलो, कारण शरीर थोडे स्नायूही मोडून खातं. आणि चौथ्या दिवशी लग्नाच्या पंगतीत ताई पोटभर जेवली, की ग्लायकोजेन पुन्हा भरतं, पाणी पुन्हा येतं आणि काटा मुकाट्यानं मूळ जागेच्या जवळ जाऊन बसतो. काटा खोटं बोलला नाही हं! तो वजन दाखवतो. कशाचं, ते आपण विचारायचं असतं.

*करून पाहा :* ग्लायकोजेनला ‘प्राण्यांतला स्टार्च’ म्हणतात, आणि साबुदाणाही स्टार्चच. शंभर ग्रॅम साबुदाणा घरच्या काट्यावर मोजा. धुऊन, वर थोडंच पाणी ठेवून रात्रभर भिजवा. सकाळी उरलेलं पाणी निथळून पुन्हा मोजा. साबुदाणा तेवढाच, मग वजन कुठून आलं? वहीत लिहून ठेवा. प्रयोग झाल्यावर साबुदाणा टाकायचा नाही, आईच्या हवाली करायचा. पुढचं आई जाणते!

मग चरबी जाते कुठून?

वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. कुणी म्हणेल घामातून, कुणी म्हणेल शौचातून, कुणी म्हणेल तिची शक्ती होते. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी याचा रीतसर हिशेब मांडला. १० किलो चरबी जळून गेली, तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी जाते ती मुख्यतः नाकावाटे! तेव्हा जुलाब लागले की चरबी वाहून गेली, हे साफ चूक. जुलाबात जातं ते पाणी आणि क्षार, आणि त्यानं येते चक्कर.

तुमचं शरीर म्हणजे बांधकाम चालू असलेलं घर

आता साताऱ्याच्या मैत्रिणी, खास तुझ्यासाठी. ताईची उंची वाढायची थांबली असेल, तुझी अजून वाढायची आहे. हाडांत भरायचा चुना, म्हणजे कॅल्शियमचा साठा, नव्वद टक्क्यांच्या आसपास वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंतच भरून होतो. घराचं बांधकाम रंगात आलंय आणि आपण विटा-सिमेंटच बंद केलं, असं करून कसं चालेल?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० कॅलरी लागतात आणि मुलाला सुमारे २८५०. प्रथिनं दोघांनाही ४३ ते ४५ ग्रॅम. फळांच्या एक लिटर रसात प्रथिनं दहा ग्रॅमही भरत नाहीत. शिवाय चार मोसंब्या पिळल्या की ग्लास भरतो, पण चोथा जातो केराच्या टोपलीत. एक मोसंबी सोलून खाल्ली तर पोटही भरतं आणि चोथाही मिळतो.

भूक मारली की मनाचं काय होतं, हेही शास्त्रज्ञांनी पाहिलंय. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या राजीखुशीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. तरुण चिडचिडे झाले, त्यांना सारखी थंडी वाजे, कशात लक्ष लागेना. रात्रंदिवस डोक्यात अन्न! काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. प्रयोग संपल्यावर कितीही खाल्लं तरी अनेकांचं समाधान होईना. तीन दिवसांत एवढं होत नाही, हे खरं. पण आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ते उगीच नाही. भूक दाबली की ती दबा धरून बसते. आणि चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी उपाशी राहून प्रमेय पाठ होतं का, ते तुम्हीच सांगा.

श्रद्धेनं केलेला उपास ही वेगळी गोष्ट. तो देवासाठी असतो, आरशासाठी नाही. आणि तिथंही लहान मुलांना आणि आजारी माणसांना मोकळीक असतेच की!

दुधीच्या रसाबद्दल, जरा गंभीरपणे

पिंपरीच्या मित्रा, हे नीट वाच आणि घरात सगळ्यांना वाचून दाखव. दुधीची शिजवलेली भाजी उत्तम. पण कच्च्या दुधीचा रस कडू लागला, तर तो विषारी असू शकतो. दुधी, काकडी, दोडका या कुळातल्या फळांत कधी कधी कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं फार वाढतात. त्यानं पोटात कळा येतात, उलट्या-जुलाब होतात, कधी रक्ताची उलटी होते, रक्तदाब घसरतो. त्यावर ठरावीक उतारा नाही. २०१० साली दिल्लीत असा रस प्यायलेल्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचं सांगणं साधं आहे : आधी लहानसा तुकडा चाखा, कडू लागला तर सगळा टाकून द्या. दुसऱ्या रसात मिसळू नका. प्यायल्यावर त्रास झाला तर वाट न पाहता दवाखाना गाठा. ‘कडू असतं तेच औषधी’ असं म्हणून डोळे मिटून पिऊ नका. म्हणजे बघा, विष काढायला निघालो आणि विषच प्यायलो, असं व्हायचं!

मग करायचं काय?

डिटॉक्सच्या दिवसांत एक गोष्ट मात्र चांगली होते. थंड पेयं, बिस्किटांचे पुडे, वेफर्स बंद होतात आणि माणूस पाणी जास्त पितो. तेवढं ठेवा, उपाशी राहणं सोडा. भाकरी-पोळी, उसळ किंवा वरण, पालेभाजी, कोशिंबीर, ताक, एखादं फळ, हे कधीच जुनं होत नाही. अंडं-मासे खात असाल तर तेही. रोज तासभर घाम येईल असं खेळा. लंगडी, खो-खो, सायकल, काहीही. रात्री आठ-नऊ तास झोपा. मोबाइल बाहेरच्या खोलीत झोपू दे!

आपलं वजन खरंच जास्त आहे का, हे मैत्रिणीनं किंवा मोबाइलनं ठरवायचं नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ साली सुधारलेले वाढीचे तक्ते आहेत. वय, उंची आणि वजन त्यावर मांडून डॉक्टर सांगतील. पुष्कळदा वाढत्या मुलांना वजन उतरवावंच लागत नाही. ते आहे तिथं थोपवून धरलं, की उंची वाढते आणि हिशेब आपोआप जुळतो.

आणि ‘ढोल्या’ म्हणणाऱ्यांनो, हा स्तंभ तुम्हीही वाचताच. टोपणनाव तुम्ही विसरता. ज्याला ठेवता तो मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही. तेव्हा उद्यापासून त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा, आणि खो-खोत घ्या.

आई-बाबांसाठी चार ओळी

मुलांच्या वजनावरून पाहुण्यांसमोर विनोद करू नका. घरात मोठी माणसं सारखी ‘डाएट’वर असतील तर मुलं तेच उचलतात. मूल जेवण चुकवू लागलं, लपून खाऊ लागलं, जेवल्यावर न्हाणीघरात जाऊन उलटी काढू लागलं, मुलीची पाळी थांबली किंवा काही महिन्यांत वजन झपाट्यानं उतरलं, तर रागावू नका. डॉक्टरांना दाखवा. हा हट्ट नसतो, आजार असू शकतो.

तर साताऱ्याच्या मैत्रिणी, कुणाचं ऐकू, असं विचारलं होतंस. आईचं ऐक. आणि ताईला ते गणित सोडवायला दे. लग्नात घालायचा ड्रेस अंगाला घट्ट होत असेल, तर शिंप्याकडे टाक, दोन शिवणी उसवून देईल. शिंपी असतात कशाला? पंगतीत जिलबी मिळाली तर खा. दोन खा. तिसरीच्या वेळी मात्र आपलं पोट काय म्हणतंय, ते विचार.

या आठवड्याचा उद्योग : ‘शरीर शुद्ध करा’, ‘विषं बाहेर काढा’ अशी एक जाहिरात शोधा आणि तिला चार प्रश्न विचारा. कोणतं विष? ते शरीरात आहे हे कसं मोजलं? ही वस्तू न घेणाऱ्यांशी तुलना केली का? सांगणाऱ्याला विकायचं काय आहे? उत्तरं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. साबुदाण्याचे आकडेही कळवायला विसरू नका. रात्रभरात कुणाच्या साबुदाण्याचं वजन किती वाढलं, ते सगळ्यांचं मिळून एक कोष्टक करू.